तीन फिलेट भेटतात तो कोपरा

हातात धरायच्या ड्रिलच्या बॉडीचं सरफेसिंग (कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, बाहेरचा पृष्ठभाग घडवणं) नुकतंच हातावेगळं केलं. मूठ, मोटरचा भाग, मुख्य सरफेस, सगळं सुरळीत झालं. अडलं ते मूठ बॉडीला मिळते त्या कोपऱ्यात. तिथे तीन फिलेट (कडा गोलावणारे सरफेस) एकत्र येतात आणि फिलेटची कमांड आपणहून तीन बाजूंचा पॅच, म्हणजे भोक भरणारा तुकडा, बसवते.

शेडेड व्ह्यूमध्ये तो छान दिसतो. झेब्रा (सरफेसवर पट्ट्यांचं प्रतिबिंब दाखवणारी तपासणी) लावला की खरं रूप कळतं: पट्टे फिलेटवरून सरळ येतात आणि कोपऱ्यात चिमटीत धरल्यासारखे एका टोकाशी गोळा होतात. असा पॅच बहुतेक वेळा मुळात चार बाजूंचाच असतो, फक्त एक बाजू मिटून बिंदू झालेली असते. त्या बाजूचे सगळे कंट्रोल पॉइंट (सरफेसचा आकार ठरवणारे बिंदू) एकावर एक बसतात आणि नॉर्मल, म्हणजे सरफेसला काटकोनातली रेघ, कुठल्या दिशेला धरायचा हेच ठरत नाही. मग २ मिमीचं शेल (बॉडी आतून पोकळ करून ठेवायची भिंत) द्यायला गेलं की गाडी अडते. सॉफ्टवेअर सांगतं एवढंच, 'ऑपरेशन अयशस्वी'. कुठल्या कडेवर, का, काही नाही! एवढं महागडं सॉफ्टवेअर, निदान ती कड तरी लाल करून दाखवा. हा राग अजून उतरलेला नाही.

टॉलरन्स (दोन कडांमध्ये किती फट चालवून घ्यायची ती मर्यादा) सैल करा, असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. त्याने फट बुजत नाही, नुसती झाकली जाते आणि टूलपाथ (मशीनच्या कटरचा मार्ग) काढताना पुन्हा डोकं वर काढते.

सुटलं ते असं. पॅच उडवला. दोन मोठे फिलेट मागे ट्रिम केले, त्यांच्या मधल्या सरफेसवर एक कर्व्ह काढून तिथलं टोक कापलं. भोक आता चार बाजूंचं झालं. चारही बाजूंना जी२ (कडेवर दिशेबरोबर कर्व्हेचर, म्हणजे वळणाचं प्रमाणही जुळणं) हवं असेल तर प्रत्येक कडेपासून तीन ओळी कंट्रोल पॉइंट अडकतात. डिग्री (सरफेसच्या समीकरणाचा घात) ५ असेल तर ६ गुणिले ६ पॉइंट असतात, म्हणजे मोकळा एकही उरत नाही. म्हणून डिग्री ७ घेतली. मधले चार पॉइंट मोकळे मिळाले आणि ते पट्टे बघत बघत हाताने सरकवले. पट्टे सलग वाहायला लागले तेव्हा जे समाधान वाटलं, ते शेल पहिल्या फटक्यात लागल्याच्या आनंदाहून मोठं होतं.

हे आधी सांगायला हवं होतं: साधा फिलेट जी१च असतो, म्हणजे कडेवर फक्त दिशा जुळते, कर्व्हेचर नाही. सपाट भागावर कर्व्हेचर शून्य, ५ मिमी त्रिज्येच्या फिलेटवर एकदम ०.२ (१ भागिले त्रिज्या), कर्व्हेचरचा आलेख दाखवणाऱ्या कोंबमध्ये ती पायरी स्पष्ट दिसते. चकचकीत भागावर प्रतिबिंब तिथेच मोडतं, तिथे जी२ घ्याच. खरखरीत टेक्स्चर येणार असेल तिथे एवढा जीव काढू नका.

आणि ट्रिम करण्याआधीचे मूळ सरफेस वेगळ्या लेयरवर जपून ठेवा. मुठीचा कोन नंतर बदलायला सांगतातच.