तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुपवर अभ्यास का देत नाही?

"मॅडम, तुम्ही तर तंत्रस्नेही. मग ग्रुपवर अभ्यास का टाकत नाही?" पालक विचारतात, शिक्षण परिषदेत सहकारी विचारतात, परवा धाकट्या जावेनंही विचारलं. तिचा मुलगा पुण्यात शिकतो, त्याला रोज ॲपवर गृहपाठ येतो. दरवेळी मी "बघू" म्हणून वेळ मारून नेते. आज सांगूनच टाकते.

मी मोबाईलच्या विरोधात आहे, हे आधी डोक्यातून काढा. वर्गातला टीव्ही रोज लागतो. बालाघाटाच्या डोंगरातल्या माझ्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. भरती-ओहोटी मी तीन वर्षं खडूनं फळ्यावर शिकवली. मग एक दिवस पाण्याची रेघ मागे सरकताना त्यांनी टीव्हीवर पाहिली, तर एक जण म्हणाला, "मॅडम, बंद नका करू, पाणी परत येतंय का बघू." पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ मी आदल्या रात्रीच घरून उतरवून नेते, कारण शाळेत रेंज फक्त एका खिडकीत मिळते. तो टीव्ही लोकवर्गणीचा आहे. ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला जाण्याआधी मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून, म्हणजे आगाऊ पैशांतून, लोकांनी पाचशे, हजार दिले. तो धूळ खात ठेवायची माझी काय बिशाद!

'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम २०१५ साली आला आणि पाठोपाठ तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. तेव्हा तालुक्यात पुढे पुढे करणाऱ्यांत मी होते. "ज्याला वापरायचं नाही तो कारणं शोधतो," असं मी वयानं मोठ्या गुरुजींना भर सभेत सुनावलंय. ते वाक्य आता लोक मलाच ऐकवतात.

तर २०२०. शाळा बंद, शिक्षण मोबाईलवर. मी सहावीचा ग्रुप केला. सकाळी दहाला अभ्यास, संध्याकाळपर्यंत वहीचा फोटो. आणि रात्री आठला मी यादी टाकायचे: 'अभ्यास न पाठवणारे विद्यार्थी'. वरिष्ठांना रोज आकडा द्यायचा असायचा, हे खरं. पण नावं टाका असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ती माझीच हुशारी. यादीनं प्रतिसाद वाढला, याचा मला आनंदही झाला होता.

त्या यादीत एका मुलीचं नाव रोज असायचं. ऑगस्टमधल्या एका रविवारी तिचे वडील तिला घेऊन तालुक्याला माझ्या दारात आले. तोंडाला उपरणं बांधलेलं, हातात जुना टचचा फोन, काचेला कोपऱ्यात तडा. म्हणाले, "मॅडम, फोन घेतला बघा. आता तेवढं पोरीचं नाव काढा त्या यादीतून. भावकीतली पोरं दाखवत्यात समद्यांना." पैसे कुठून आणले, हे मी विचारलं नाही. पोरीनंच सांगितलं, शेळी विकली. गाभण होती.

मग तिनं पिशवीतून वही काढली. मी उभ्याउभ्याच चाळली. लाल पेननं आखलेला समास, प्रत्येक पानावर तारीख. सगळा अभ्यास केलेला. एकही दिवस चुकलेला नाही. शेजारच्या मैत्रिणीच्या मोबाईलवरून ती प्रश्न उतरवून आणायची, पण तिथं पुन्हा फोटो काढायला माग, असं किती वेळा करणार? म्हणून रोज पानाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: 'फोटो बाकी'. चव्वेचाळीस पानं. चव्वेचाळीस वेळा 'फोटो बाकी'.

मी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. कोरोनाची भीती होती, असं मी स्वतःला सांगते. त्या रात्रीपासून यादी बंद केली. ग्रुपवर माफी मात्र मागितली नाही, ती आजपर्यंत मागितलेली नाही.

गोष्ट इथंच संपली असती तर तुम्हाला उत्तर देणं सोपं होतं. दसऱ्यानंतर ते कुटुंब ऊसतोडीला गेलं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह आमच्या गावात त्या वर्षी उघडलं नाही, म्हणून पोरगीही गेली आणि फोनही गेला. डिसेंबरात एका रात्री पावणेदहाला तिचा फोटो आला. कोपीतल्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीतल्या, अंधुक उजेडात काढलेली अपूर्णांकांची वजाबाकी. छेद सारखे करून घेतलेले, उत्तर बरोबर. ते मी शिकवलेलं नव्हतं. ती त्या फोनवर व्हिडिओ बघून शिकली होती. मी उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला.

म्हणजे गाभण शेळी गेली तीही माझ्या यादीपायी आणि पोरीला गणित आलं तेही त्याच फोनमुळे. याचा हिशेब मला आजही लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या डिसले गुरुजींना त्याच डिसेंबरात शिक्षकांसाठीचा जागतिक पुरस्कार मिळाला. पुस्तकातल्या क्यूआर कोडची त्यांची कल्पना कुठल्या कुठे पोचली, हे मी शाळेच्या ग्रुपवर अभिमानानं टाकलं, आणि तेव्हा मला त्या कोपीतला फोटो आठवला. एखादा म्हणेल, मग तुमचं काय चुकलं? मी त्याच्याशी वाद घालू शकत नाही. पण चव्वेचाळीस दिवस तिनं अभ्यास केला होता आणि मी गावाला सांगत होते की केला नाही. माझ्या मोबाईलला वही दिसत नव्हती, आणि मीही बघायला गेले नाही. गाव माझ्या घरापासून अकरा किलोमीटर.

आता सगळ्यांकडे फोन आहेत, असं तुम्ही म्हणता. असतील. ते सकाळी बापासोबत रानात जातात आणि रिचार्ज संपलं की आठ-आठ दिवस नुसते वाजायच्या कामाचे उरतात. जाऊबाईंच्या मुलाचं पुढं जाणं मला दिसतं, माझी पोरं मागं पडतील ही धास्ती मलाही आहे. पुढच्या वर्षी कदाचित मीच पुन्हा ग्रुप सुरू करेन. पण सध्या टीव्ही वर्गात, अभ्यास वहीत, आणि वही माझ्या हातात. तुमच्या मुलाची बघायची असेल तर शाळेत या. मी साडेपाचपर्यंत असते.