डांबर गोळ्या आणि बारशाचं टोपडं

बहिणीला मुलगा झाला आणि आईने लगेच माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली, आत आमच्या दोघींची झबली, टोपडी, दुपटी आणि आजीच्या नऊवारीची गोधडी. झाकण उघडलं तर असला भपकारा आला की मी दोन पावलं मागे. कोपऱ्याकोपऱ्यात डांबर गोळ्या, झिजून हरभऱ्याएवढ्या राहिलेल्या. आई खूश, "बघ, एवढ्या वर्षांत कसर लागली नाही!" बारशाला त्यातलंच जरीचं टोपडं घालायचं हे तिचं ठरलेलं.

पाचव्या दिवशी बाळाला थोडी कावीळ दिसली म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, जुने कपडे घातलेत का, डांबर गोळ्यांत ठेवलेले? आम्ही एकमेकींकडे बघतोय. घातले नव्हते अजून, नशीब.

मग घरी येऊन वाचत बसले. या गोळ्या म्हणजे नॅप्थलीन, मूळचं दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं, म्हणून आपल्याकडे हे नाव. ती वितळत नाही, थेट वाफ होते, गोळी झिजते ती हवेत जाते. म्हणजे वास येतोय तोवर आपण ती वाफ नाकात घेतोय, एवढं साधं आहे. शरीरात गेल्यावर ती रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकते, आणि ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं त्यांना तर फारच पटकन. हे मुलग्यांमध्ये जास्त आढळतं, आणि तपासणी केली नाही तर घरच्यांना पत्ताच नसतो. नवजात बाळाची कावीळ त्यामुळे इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होते. आणि आपल्याकडे बाळाला रोज तेल चोळतात ना, तर नॅप्थलीन तेलात विरघळतं, तेल लावलेल्या कातडीतून जास्त शोषलं जातं. हे वाचून मालिशवाल्या मावशींना फोनच केला.

दूधही तसंच. पोराने काही गिळलं की आपल्याकडे पहिलं दूध पाजतात, पण गोळी गिळली असेल तर दूध किंवा तूप-तेलाचं काही द्यायचं नाही, स्निग्ध पदार्थाने ती जास्त शोषली जाते. घरगुती उपाय न करता गोळ्यांचं पाकीट घेऊन सरळ हॉस्पिटल गाठायचं. गोळी दिसतेही कशी, पांढरीशुभ्र पेपरमिंटसारखी, आणि आम्ही ती बेसिनच्या जाळीवर उघडी ठेवायचो, रांगतं पोर तिथे पोचत नाही हे खरं पण पडलेली गोळी पोचते.

कोकणात काका पडवीभोवती गोळ्या टाकतात, साप येऊ नये म्हणून. साप येतोच. उंदीर-झुरळांचंही तेच. गोळी काम करते ती घट्ट बंद पेटीत, लोकरीच्या-रेशमाच्या कपड्यांतल्या अळीवर, कारण तिथे वाफ साचते, उघड्यावर नुसता वास. युरोपियन युनियनने 2008 मध्ये नॅप्थलीनच्या या गोळ्यांवर बंदी घातली, आपल्याकडे किराणा दुकानात चिक्कीच्या बरणीशेजारी मिळतात.

कापूर वापरू का, हे आईचं पुढचं. तोही पोटात गेला तर लहान मुलांना फिट येऊ शकते, म्हणून हाताला लागेल असा नको. घरात गोळी नेमकी कशाची हे कळत नसेल तर साध्या पाण्यात टाका, कापूर तरंगतो, नॅप्थलीन बुडतं. शेवटी आम्ही वेखंड आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला, पुरचुंडी बांधून. तेवढी ताकद नाही त्यात, महिन्या-दोन महिन्यांनी कपडे उघडून ऊन दाखवावं लागतं.

बारशाला बाजारातलं सुती टोपडं घातलं. आई दोन दिवस गप्प होती. गोधडी धुऊन आठवडाभर गच्चीवर उन्हात टाकली, तरी नाक खुपसलं तर अजून येतो वास, आणि आई म्हणते तो तुमच्या आजीचा आहे.