टेस्ट ड्राईव्ह पन्हाळ्यापर्यंत

मागच्या सीटखाली कणीस. खाल्लेलं, मीठ-लिंबू लावलेलं, अर्धवट भाजकं कणीस, आणि गाडी सर्व्हिसिंगहून नुकतीच ताब्यात मिळालेली.

जॉब कार्डवरचं रीडिंग बघितलं, मीटर बघितलं, ४६ किलोमीटरचा फरक. मॅनेजर म्हणतोय "सर, टेस्ट ड्राईव्ह घ्यावी लागते ओ." म्हटलं घ्या की, पण कोल्हापुरातनं पन्हाळा जाऊन परत यायला एवढं लागत नाही, त्यात डाव्या दारावर नवा ओरखडा!! तर म्हणे "गाडी परत मिळाली न्हवं?"

आवाज चढवला नाही. गाडी देताना मीटरचा आणि चारी बाजूंचा फोटो काढायची सवय आहे (बायको हसते), ते दाखवले, गेटचं रजिस्टर मागितलं, आणि ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला तक्रार करतो, नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जातो, ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी पण नाही, एवढंच बोललो. पाच मिनिटांत चहा आला. दाराचं पेंटिंग फुकट, सर्व्हिसिंगचं बिल माफ, तसं लेखी पण दिलं.

मिटलं. पण मॅनेजर जाता जाता सहज म्हणाला, "त्या पोराला उद्यापासनं बंद करतो सर."

पोरगं कोपऱ्यात फडकं घेऊन उभं, विशीचं पण नसेल. आणि रजिस्टरमध्ये गाडी बाहेर सोडायची सही होती मॅनेजरची. ते दाखवून म्हटलं त्याला काढू नका, "बघतो" म्हणाला.

काढलं असेल काय ओ त्याला?