फिकीर डच कशी झाली?

"इतकी वर्षं नेदरलँड्समध्ये राहताय, डच भाषेत आपल्या ओळखीचं काही सापडतं का हो?" पुण्याला आले की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. सापडतं की! आपली फिकीर तिथे रोजच्या बोलण्यात आहे.

मनात तेच ते घोळवत जिवाला घोर लावून घेणं, याला डचमध्ये ‘पीकरन’ म्हणतात. शेवटचा ‘न’ बोलताना बहुतेक जण खातात. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असं शेजारीण सांगते तेव्हा हेच क्रियापद येतं. तिला धीर द्यायचा तर ‘नीत पीकरन!’ म्हणजे थेट आपलं ‘फिकर नॉट’.

मूळ शब्द अरबी: ‘फिक्र’, म्हणजे विचार. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला. दुसरीकडे व्यापार आणि इस्लामबरोबर मलाय भाषेत पोचला आणि तिथे ‘फ’चा ‘प’ होऊन ‘पिकिर’ झाला. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, मसाल्यांच्या मागे डच लोक आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवर गेले. तिथल्या बंदरांत मलायवाचून पान हलत नसे. त्या सहवासात ‘पिकिर’ डचांच्या तोंडी बसला आणि त्याला डच क्रियापदाचं शेपूट लागलं.

मलाय माणूस ‘पिकिर’ म्हणतो तेव्हा तो नुसता विचार करत असतो. आपण आणि डचांनी मात्र त्याची काळजी करून टाकली! जुना अर्थ डचमध्ये एका वाक्प्रचारात तग धरून आहे. ‘इक पीकर एर नीत ओव्हर’, म्हणजे ‘मी त्याचा विचारसुद्धा करणार नाही’. हे म्हणणारा मुळीच चिंतेत नसतो, चक्क धुडकावून लावत असतो.

(जाता जाता: गयावया करण्याला डच शब्द आहे ‘सूबातन’. तो मलाय ‘सोबात’वरून, म्हणजे मित्र. त्याच अरबी धातूतून आपली सोबत आली आणि साहेबही. गयावया कुणापुढे करायची, तेही घरातच ठरलं.)

आता या फिकिरीला डच शिस्तही लागली आहे. फार काळजी करणाऱ्याला तिथे ‘पीकरक्वार्तीर’चा सल्ला देतात. रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटं बसून मनसोक्त फिकीर करायची. एरवी ती डोकावलीच, तर तिला सांगायचं, संध्याकाळी सातला ये.