पत्र कुणाला लिहायचं?

बुधवार, रात्री

वानुआतूत शिकणाऱ्या त्या मुलांचा विषय डोक्यातून जात नाही. प्रशांत महासागरातला जेमतेम ३ लाख वस्तीचा देश. तिथे साउथ पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ साली ठरवलं, हवामान बदलाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यायचा. पण तिथे विद्यार्थ्यांना कोण उभं करणार? असं सल्लागार मत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसारख्या संस्थेनेच न्यायालयाकडे मागवावं लागतं. म्हणून त्यांनी प्रशांत महासागरातल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूच्या सरकारने ती मनावर घेतली. मार्च २०२३ मध्ये आमसभेत ठराव सर्वसहमतीने मंजूर झाला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने सांगितलं की, हवामानाची हानी रोखणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. ती टाळणाऱ्यावर भरपाईची वेळही येऊ शकते. हे मत बंधनकारक नाही, तरी त्याचं वजन मोठं आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटतात ती पत्रं. आपण मुलांना फलक रंगवायला लावतो, शपथ देतो, रॅलीत चालवतो. त्यातून काही हलत नाही हे त्यांना पहिल्याच वर्षी कळतं. मग आपणच म्हणतो, या पिढीला कशाचं काही पडलेलं नाही. मला हे अजिबात पटत नाही. त्या २७ जणांच्या हातात वर्गात शिकलेला कायदा होता आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेणारं एक सरकार होतं. आमच्या मुलांना आम्ही यातलं काय देतो?

आज कॉलेजातल्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना हे सगळं सांगितलं. मागच्या बाकावरची, खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली एक मुलगी उठली. "मॅडम, उधाणात आमच्या बांधाला खांड गेली, बांध फुटला. खाचरांत खारं पाणी शिरलं, तेव्हापासून भात नाही. आम्ही पत्र कुणाला लिहायचं?"

फलकांसाठी आणलेले रंगाचे डबे उघडलेच नाहीत. मुलं वहीत लिहायला बसली: खांड कधी गेली, किती जणांची शेतं खारावली, सातबाऱ्यावर पीक काय लागलंय, पंचनामा झालाय का. बांधाची देखभाल कुणाकडे, यावर बराच वाद झाला. ते ग्रामपंचायतीत विचारायचं ठरलं.

रविवारी सगळे तिच्या गावी जाणार आहेत, मीही जाणार. अर्जाचा मसुदा मुलंच लिहिणार, मी फक्त शुद्धलेखन बघायचं, असं त्यांनी मला बजावलंय.