शेवटची फेरी चुकेल

आत्याच्या घरून निघायचं असेल तर एकच वाक्य कामाला येतं. "शेवटची फेरी चुकेल गं." पाऊस येईल, गाडीचा दिवा मंद आहे, उद्या ऑफिस आहे, असली कारणं ती आणखी एक घावन पानात वाढून मोडीत काढते. फेरीपुढे मात्र तिचा इलाज नाही.

आम्ही दापोलीकडचे, आत्या गुहागरकडे दिलेली. मधे वाशिष्ठीची खाडी. दाभोळच्या धक्क्यावरून पलीकडचं धोपावे समोर दिसतं, पण रस्त्याने जायचं म्हटलं की चिपळूणवरून वळसा. २००३ साली फेरीबोट आली आणि गाडीसकट पलीकडे जाता येऊ लागलं. तिला इकडे जंगलजेटी म्हणतात. तिच्यावर झाडाचं पान नसतं आणि ती जेटीही नव्हे, पण नाव बसलं ते बसलं. या खाडीत नावांचा घोळच आहे म्हणा. एन्रॉनचा तो गाजलेला दाभोळ प्रकल्प तरी दाभोळला कुठे आहे? तो पलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलला. नाव झालं दाभोळचं, धुराडी आली आत्याच्या वाट्याला.

फेरीवर गाडी चढवणं ही माझी दरवेळची परीक्षा. ओहोटी असली की फळी खाली जाते आणि उतार असा होतो की बॉनेटपुढे नुसतं पाणी दिसतं. खलाशी मात्र शांत. "येऊ द्या, येऊ द्या, डावी घ्या... बस्स!" पुढच्या टेम्पोत आणि माझ्यात वीतभर जागा. दार अर्धंच उघडतं, मग पोट आत घेऊन बाहेर यायचं. तोवर फळी करकरत वर उचललेली असते. शेजारी मोटारसायकलला बांधलेला गॅस सिलिंडर, पलीकडे बांगड्यांची पाटी, आणि कठड्याला रेलून मोबाइल बघणारी कॉलेजची दोन मुलं. खाडी फक्त मी बघतो. त्यांना ती रोजचीच.

दहाएक मिनिटांचा प्रवास. भरतीचा जोर असला की बोट सरळ जात नाही, तिरकी धरून नेतात.

किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबागहून रत्नागिरीला येणाऱ्याला अशा चार फेऱ्या लागतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, मग आमची, पुढे तवसाळ-जयगड. म्हणजे राजापुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री. मुंबईच्या पाहुण्यांना याचं फार अप्रूप, फोटो काढून थकत नाहीत. आत्याला विचारा. रात्री कुणाच्या छातीत दुखलं आणि फेऱ्या बंद झालेल्या असल्या, की ती खाडी किती रुंद होते ते ती सांगेल. म्हणून रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर इथे पूल होणार म्हटल्यावर सगळ्यांत आधी खूश झाली ती. "होऊ दे बाई एकदाचा," म्हणाली, आणि माझ्याकडे बघून पुढे, "मग बघते कसा पळतोस ते."

मागच्या खेपेला निघालो तेव्हा तिने चहा टाकला होता. "दोन मिनिटं थांब हो, फेरी काही उडून जात नाही." थांबलो नाही. धोपाव्याला पोचलो तर फेरी नुकतीच सुटलेली. धक्क्यापासून पन्नास-साठ हात गेली असेल. पुढची यायला वेळ होता. टपरीवर बसलो.

तेवढ्यात आत्याचा फोन.

"मिळाली का रे फेरी?"

"हो, बसलोय."

"बरं झालं." जरा थांबली. "आणि तो कपबशीचा आवाज कसला येतोय?"