कच्ची वही

सांगलीतल्या विज्ञान प्रदर्शनात एका टेबलावर वही उघडी पडली होती. खाऱ्या पाण्यात मूग किती उगवतात, हा प्रयोग. लिटरला २, ४ आणि ६ ग्रॅम मीठ, शेजारी साध्या पाण्याची ताटली. ४ ग्रॅमच्या ताटलीत किती उगवले, तो आकडा मात्र गिरवून गिरवून खोडलेला.

"तो चुकलाय. २ ग्रॅमपेक्षा जास्त कसे उगवतील?" सातवीतली पोरगी सहज बोलून गेली.

उगवतात की! ताटलीत दाणे दहाच. एक किडका निघाला की निकाल १० टक्क्यांनी हलतो. प्रत्येक द्रावणाला २५-२५ दाण्यांच्या तीन ताटल्या लावल्या, की असा योगायोग लगेच उघडा पडतो.

त्यात ताटल्या उघड्या. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. मग तिसऱ्या दिवशी '२ ग्रॅम'च्या ताटलीत दोनच ग्रॅमचं पाणी कुठलं असायला? वर पोरं परत तेच खारं पाणी ओततात, म्हणजे मीठ आणखी वाढलं. खरं तर झाकण ठेवायचं, रोज ताटलीचं वजन करायचं आणि जेवढं घटलं तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बोअरचं नको, त्यात मुळातच क्षार.

विषय मात्र अस्सल इथलाच. कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली रानं ही पोरं येता-जाता बघतात.

तक्त्यावरचा आलेख अगदी सरळ उतरता होता. परीक्षक मंडळी, तक्त्याआधी कच्ची वही मागून बघता का हो?